महापुराचं खोटं सांगून केलेला प्रँक, आणि आता आबांना काय सांगू?

कॅमेरावाला_कोपु

नमस्कार मंडळी. लांबलचक लिहितोय, पण सगळं सांगितल्याशिवाय कुणाला नीट सल्ला देता येणार नाही.

मी कोल्हापूरचा. लग्नाचं शूटिंग हा माझा धंदा. सीझन नसतो तेव्हा, गेलं दीड वर्ष, एका मित्राच्या प्रँक चॅनेलसाठी कॅमेरा धरतो. कुणाला घाबरवायचं नाही आणि पोरीबाळींच्या वाटेला जायचं नाही, हे दोन नियम आम्ही पहिल्या दिवशीच घातले होते. आमचा प्रकार म्हणजे अनोळखी माणसाला नुसतं अवघडवायचं. बाकड्यावर शेजारी बसून फोनवर असं बोलायचं की त्याला वाटावं, हा आपल्यालाच उत्तर देतोय. भेळ खाणाऱ्यासमोर उभं राहून एक घास मागायचा. आणि सगळ्यात चाललेला प्रकार म्हणजे ‘ओळखलासा का?’

त्यात मित्र समोरून तोंडभर हसत येतो, “काय आबा, ओळखलासा का?” म्हणतो आणि हात हातात घेतो. आपल्याकडं तोंडावर “नाही बाबा, नाही ओळखलं” असं कुणी म्हणत नाही. माणूस हसतो, डोळे बारीक करतो, “हो हो, बरं हाय न्हवं घरी?” म्हणतो आणि मनातल्या मनात सगळे पैपावणे धुंडाळत बसतो. तो चेहरा मला टिपायचा असतो. मी रस्त्यापलीकडं गाडीवर बसलेला, ७०-२०० लेन्स, मांडीवर जर्किन टाकून झाकलेला कॅमेरा. मित्राच्या शर्टाच्या आतून छातीवर माईक चिकटवलेला, आवाज माझ्या कानात. तीसेक माणसं गाठली की सहा-सात क्लिपा हाताला लागतात. चिडलेले, शिव्या देणारे आम्ही गाळतो. शेवटी मित्र माझ्याकडं बोट करून सांगतो, “तिकडं कॅमेरा हाय, हात करा.” माणूस हसतो, हात करतो. हात केला की आम्ही परवानगी धरून चालायचो.

महिन्यापूर्वी संध्याकाळी रंकाळ्यावर होतो. संध्यामठाच्या अंगाला कट्ट्यावर एक म्हातारे बसले होते. धोतर, टोपी, मांडीवर कापडी पिशवी, पिशवीतून दवाखान्याची फाईल डोकावत होती. मित्र गेला, “आबा, ओळखलासा का?” आबा नुसते बघत राहिले. गाडी पुढं जाईना म्हणून मित्रानं तोंडाला येईल ते ठोकून दिलं, “आवो, महापुरात न्हवं का भेटलो आपण!” कोल्हापुरात हे कुणालाही लागू पडतं, एवढाच त्याचा हिशोब.

आबांनी पिशवी बाजूला ठेवली. दोन्ही हातांनी मित्राचा हात धरला. लेन्समधून मला त्यांचा अंगठा दिसत होता, मित्राच्या बोटांच्या पेरांवरून पुन्हा पुन्हा फिरत होता. म्हणाले, “नावंतला तू? तवापासनं हुडकतोय रं तुला.” आणि उठून त्यांनी मित्राच्या छातीवर कपाळ टेकलं.

माईक नेमका तिथंच होता. माझ्या हेडफोनमध्ये पहिल्यांदा कापडाची खरखर आली, मग त्यांचा श्वास, मग अगदी हळू आवाज, जो शेजारी बसलेल्यालासुद्धा ऐकू गेला नसेल. बायकोचं नाव घेतलं. “ती गेली रं मागल्या साली. तू आमाला दोघांस्नी काढलंस, पर ती गेली.”

मित्र जागच्या जागी थिजला. बोट करून कॅमेरा दाखवायची त्याला हिंमत झाली नाही, आणि मला रेकॉर्डिंग बंद करायचं सुचलं नाही. हे मी कबूल करतो. आबांनी एका चिठ्ठीवर नंबर लिहून दिला, शंभराची नोट मुठीत कोंबली, “घरी ये” म्हणाले आणि गेले.

मित्रानं ती क्लिप व्हिडिओच्या शेवटी टाकली, खाली बासरी लावून. तीन लाखांच्या वर व्ह्यूज आहेत. कमेंटमध्ये लोक रडताहेत, “माणुसकी जिवंत आहे” म्हणताहेत. त्यांना वाटतंय माझ्या मित्रानंच खरोखर आबांना पुरातून काढलं, आणि मित्रानं ते कुठंच खोडलेलं नाही. दोन पेजेसनी क्लिप उचलून परत टाकली आहे. मित्र म्हणतो, आबा खूश आहेत, कुणाचं काय बिघडलं? उलट खरं सांगितलंस तर म्हातारा खचेल.

मला रात्री तो हेडफोनमधला आवाज ऐकू येतो. माझे प्रश्न दोन. व्हिडिओ काढायला मी एकटा काय करू शकतो? आणि आबांना खरं सांगावं का?

---

शनिवारपेठ

व्हिडिओपुरतं सांगतो, कारण हे काम मी नोकरीत केलंय.

यूट्यूबकडे गोपनीयतेची तक्रार करता येते, पण ज्याचा चेहरा किंवा आवाज त्यात आहे त्यानं स्वतः करावी लागते. फार वयस्कर, ज्याला कॉम्प्युटर जमत नाही अशा माणसाच्या वतीनं दुसऱ्यानं केलेली तक्रार अपवाद म्हणून बघतात, पण तीही आबांना न विचारता तू करू नयेस. तक्रार गेली की साधारणपणे चॅनेलवाल्याला ४८ तास देतात, तेवढ्यात त्यानं व्हिडिओ काढला किंवा तेवढा भाग कापला तर प्रकरण मिटतं. नाही तर ते स्वतः तपासतात. परत टाकलेल्या प्रत्येक क्लिपसाठी वेगळी तक्रार, प्रत्येकाची लिंक आणि कितव्या मिनिटाला काय आहे ते लिहून.

म्हणजे तुझे दोन प्रश्न मुळात एकच आहेत. आबांना सांगितल्याशिवाय हा रस्ता उघडत नाही.

दरम्यान मूळ फुटेज तुझ्याकडे असेल तर ते कुणालाही देऊ नकोस आणि पुसूही नकोस.

---

मोगरा_८७

मी दुसऱ्या बाजूची आहे, म्हणून लिहिते.

चार वर्षांपूर्वी पुण्यात फर्ग्युसन रस्त्यावर बसची वाट बघत उभी होते. एक मुलगा आला, “ताई, माझी आई फोनवर आहे, तिला फक्त सांगा की मी तुमच्याबरोबर आहे.” मी गोंधळले. त्याच्या आवाजात काकुळती होती. मी फोन घेतला आणि “हो काकू, आहे माझ्याबरोबर” असं म्हटलं. मग त्यानं कॅमेरा दाखवला. मी हसले. हात केला. चालेल का विचारल्यावर मान डोलावली. बस आली, मी गेले.

ती क्लिप सासरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आली तेव्हा वरचं वाक्य होतं, “ही कुणालाही हो म्हणते.” माझ्या नणंदेनं ती मला पाठवली, पुढं नुसतं प्रश्नचिन्ह. घरात मी जे जे सांगितलं त्याला एकच उत्तर होतं, “पण तू तर हसतेयस.”

मी का हसले ते सांगते. भर रस्त्यात चार पोरं भोवती उभी असतात, लोक बघत असतात, आपण फसलो याची लाज वाटत असते आणि तिथून सुटायचं असतं. अशा वेळी बाईच्या चेहऱ्यावर हसूच येतं. रागावले असते तर तेही चाललं असतं त्यांना, त्याची वेगळी क्लिप झाली असती.

भीड भिकेची बहीण म्हणतात ते खरं आहे. तुम्ही सगळे माणसाची भीड टिपता आणि तिलाच परवानगी म्हणता. कॅमेरावाले दादा, तुमच्या तीस माणसांतल्या हात करणाऱ्या प्रत्येकाची हीच गत असेल असं माझं म्हणणं नाही. पण त्यातले किती माझ्यासारखे होते हे तुम्ही कधी मागे फिरून विचारलंत का?

आबांना सांगा. ते खचतील की नाही हे त्यांच्या वतीनं तुमच्या मित्रानं ठरवायचं नाही.

---

दादरचा_जुना

वय ६१. दोन हजारच्या आसपास मुंबईत छुप्या कॅमेऱ्याच्या एका टीव्ही कार्यक्रमाच्या युनिटमध्ये होतो. तेव्हा एमटीव्हीवरच्या ‘बकरा’मुळे हा प्रकार घराघरांत पोचला होता आणि प्रत्येक चॅनेलला तसं काहीतरी हवं होतं.

हा खेळ आजचा नाही. अमेरिकेत अ‍ॅलन फंटनं तो १९४७ साली रेडिओवर सुरू केला, छुपा मायक्रोफोन घेऊन. पुढच्याच वर्षी टीव्हीवर आणला. त्याचा १९६२ चा लिफ्टचा प्रसंग मी कित्येकदा पाहिलाय. लिफ्टमध्ये एक साधा माणूस शिरतो. बाकीचे सगळे त्याचेच नट, दाराकडे पाठ करून उभे. माणूस घड्याळ बघतो, नाक चोळतो आणि हळूहळू, कुणी काही न म्हणता, तोही पाठ फिरवतो. त्या माणसाचं काहीही चोरलेलं नसतं. त्याच्या घरचं, दुःखाचं काही बाहेर येत नाही. आपण सगळेच तसे वागलो असतो, म्हणून हसू येतं.

आमच्या युनिटमध्ये एक मुलगी फक्त एका कामासाठी होती. गंमत उघड झाली की त्या माणसाला बाजूला न्यायचं, खुर्ची द्यायची, पाणी, चहा. दहा-पंधरा मिनिटं कागदाचं नाव काढायचं नाही. त्याचा श्वास जागेवर आला, तो स्वतःहून बोलायला लागला की मग संमतीपत्र, तेही वाचून दाखवून. दुसऱ्या दिवशी फोन करून परत विचारायचं. सही नसेल तर टेप बाजूला काढून ठेवायची, कितीही सोन्यासारखा शॉट असो. माझ्या डोळ्यांदेखत एका टॅक्सीवाल्याचा असा शॉट गेला की आज आठवला तरी हळहळतो. त्यानं दुसऱ्या दिवशी सांगितलं, “साहेब, माझा मुलगा बघेल.” संपलं.

आता एकाच पोराला गंमत करायची असते, शूट करायचं असतं, एडिट करायचं असतं आणि रात्री अपलोडही करायचं असतं. चहाची ती पंधरा मिनिटं त्यातून गळून गेली आहेत. तुमच्या मित्राला मी वाईट म्हणत नाही. थिजला म्हणजे त्याला कळलं होतं. चूक झाली ती रात्री एडिटला बसल्यावर, बासरी निवडताना.

---

वकील_सातारा

कायद्याचं थोडक्यात. अशा व्हिडिओंवर पोलिसांनी हात टाकलेले आहेत. दिल्लीत २०१७ च्या जानेवारीत रस्त्यात मुलींचं चुंबन घेऊन पळणाऱ्या एका यूट्यूबरवर गुन्हा दाखल झाला. बंगळुरूत यशवंतपूर भागात नोव्हेंबर २०१९ मध्ये भुतासारखे पांढरे कपडे घालून रात्री लोकांना घाबरवणाऱ्या सात तरुणांना पकडलं. चेन्नईत जानेवारी २०२१ मध्ये बेझंट नगरच्या किनाऱ्यावर बायकांना अश्लील प्रश्न विचारणाऱ्या चॅनेलच्या तिघांना अटक झाली. आता भारतीय न्याय संहिता आहे. बाईच्या शालीनतेला धक्का देणारे शब्द किंवा हावभाव यांना कलम ७९, तीन वर्षांपर्यंत शिक्षा. सार्वजनिक उपद्रवाला कलम २९२, नुसता हजार रुपयांपर्यंत दंड.

तुमच्या प्रकरणात यातलं काही सरळ बसत नाही. खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे असं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी ऑगस्ट २०१७ मध्ये एकमतानं म्हटलंय, पण त्याच्या आधारावर एका म्हाताऱ्या माणसानं रंकाळ्यावरच्या क्लिपसाठी कोर्टाची पायरी चढावी, हे मी कुणालाही सुचवणार नाही. ज्याचा गळा आवळावा असा गुन्हा नाही आणि ज्याला सोडून द्यावं असंही हे नाही. मित्राला समजावा. मोगराताईंचा प्रतिसाद त्याला वाचायला द्या.

---

पंचगंगाकाठ

भावा, मी चिखलीचा. प्रयाग चिखली.

पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोक्याची ४३. २०१९ च्या त्या ऑगस्टमध्ये राजाराम बंधाऱ्यावर पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. आमची माणसं निघाली नाहीत, कारण सगळ्यांच्या डोक्यात २००५ चा पूर. तेव्हा पाणी ज्या पायरीपाशी थांबलं तिथंच आताही थांबेल, असं प्रत्येक घरातलं म्हातारं सांगत होतं. नाही थांबलं. जनावरं दाव्याला, माणसं माडीवर आणि खाली अंधार. मग एनडीआरएफ आली, लष्कर आलं, व्हाईट आर्मी या स्वयंसेवी संस्थेची पोरं आली आणि आमच्याच भागातली नावा हाणणारी पोरं होती. कुणी कुणाचं नाव विचारलं नाही. खिडकीतून हात आला की धरायचा. माझ्या चुलतीला ज्यानं खांद्यावर घेतलं त्याचा चेहरासुद्धा तिला आठवत नाही, नुसतं जॅकेट केशरी होतं एवढंच सांगते. दर श्रावणात म्हणते, “त्या लेकराला एकदा जेवायला घालायचं होतं.”

म्हणून तुला सांगतो, आबा खूश आहेत हे तुझ्या मित्राचं म्हणणं खोटं नाही. पण ती खुशी दुसऱ्या कुणाची तरी आहे. ती ज्याची त्याला मिळाली पाहिजे. आबांनी हुडकायचं थांबवलं असेल आता. ते मला सगळ्यात जास्त लागलं.

आबा कुठल्या गावचे, कुठल्या दिवशी निघाले, नाव कसली होती, कुठं नेऊन सोडलं, एवढं विचारून घे. आमच्याकडं, आंबेवाडीला, शिरोळकडं माझी ओळख आहे. मी विचारतो सगळीकडं. मिळेलच असं नाही सांगत.

---

कॅमेरावाला_कोपु

सगळ्यांना उत्तर द्यायला आठ दिवस लागले, माफ करा.

मोगराताई, तुमचं लिहिलेलं मी मित्राला वाचून दाखवलं नाही, नुसता फोन त्याच्या हातात दिला. दोनदा वाचलं. काही बोलला नाही. रात्री साडेअकराला मेसेज आला, “काढला.” पूर्ण व्हिडिओच काढलाय. एका पेजनंही सांगितल्यावर काढला, दुसरं पेज उत्तर देत नाही. आणि मागे फिरून कधी विचारलं का, याचं उत्तर नाही असं आहे. जुन्या व्हिडिओतल्या ज्यांचे नंबर आहेत त्यांना आता फोन लावतोय. आतापर्यंत अकरा झाले, त्यातल्या दोघांनी काढा म्हणून सांगितलं.

रविवारी आबांच्या घरी गेलो. चिठ्ठीवरच्या नंबरावर आधी फोन केला, मुलानं उचलला. त्यानं क्लिप गल्लीच्या ग्रुपवर बघितली होती आणि खरीच समजत होता. आम्ही पोचलो तर दारात चपलांची रांग. शेजारपाजारच्या चारपाच बायका, आबांची बहीण गावाहून आलेली. पुरातून काढलेला पोरगा येणार म्हणून. पोहे झाले होते, वर खोबरं. मित्र उंबऱ्याबाहेरच थांबला, बूट काढायला खाली वाकला तो बराच वेळ उठलाच नाही.

मी मुलाला बाजूला घेऊन म्हटलं, आबांशी एकट्याशी बोलायचंय. आतल्या खोलीत गेलो. मित्रानंच सांगितलं, मला वाटलं होतं मला सांगावं लागेल. “आबा, मी तो न्हवं. मी खोटं बोललो. त्यो व्हिडिओ होता.” एवढं तीन वाक्यांत.

आबा काही बोलले नाहीत. गुडघ्यावर हात ठेवून बसले होते, तसेच बसले. बाहेर कपबशांचा आवाज येत होता. मग त्यांनी विचारलं, “मग त्यो कोण हुता?”

आमच्याकडं उत्तर नव्हतं.

थोड्या वेळानं मला म्हणाले, “मला दावलंस ते ऱ्हाऊ दे. तिचं नाव कशाला घातलासा त्यात?” तीन लाख माणसांनी त्यांचा चेहरा बघितला याचं त्यांना काही नव्हतं. जे नाव ते चारचौघांत कधी घेत नव्हते ते लोकांच्या फोनवर वाजलं, याचं होतं. आयुष्यभर ‘अगं’ म्हणून हाक मारली होती, असं त्यांच्या बहिणीनं नंतर सांगितलं. मी हे एडिटला बसलो असतो तरी माझ्या ध्यानात आलं नसतं.

बाहेर येऊन आबांनी स्वतःच सगळ्यांना सांगितलं, “ह्यो न्हवं त्यो.” कारण सांगितलं नाही, आमची लाज राखली. पोहे मात्र खायला लावले. घास गिळत नव्हता.

पंचगंगाकाठ, तुम्ही विचारलेलं सगळं लिहून आणलंय. आबा आंबेवाडीचे, पुरानंतर शहरात मुलाकडं आले. मंगळवारी दुपारी निघाले, नाव फायबरची, दोघं होते, एकाच्या डाव्या हाताला पट्टी बांधलेली. सोनतळीपर्यंत आणून सोडलं. पट्टी बांधलेल्यानं आबांच्या बायकोला पाठीवर घेतलं होतं. काल फोनवर तुम्ही म्हणालात तशी पट्टी बांधलेली दोन पोरं निघत आहेत, एक पाडळीचा आणि एक तुमच्या शेजारच्या गल्लीतला. येत्या रविवारी सकाळी नऊला आबांना घेऊन निघतो. गाडी माझी, कॅमेरा घरी ठेवून येणार.

ती शंभराची नोट मित्रानं परत पुढं केली होती. आबांनी घेतली नाही. म्हणाले, “ती त्या पोराची हाय. तुज्याकडं असू दे, घावला की त्याला दे.” तीच नोट आता माझ्या बॅगेत आहे, मेमरी कार्डच्या कप्प्यात.